कलापूर, मार्गे राधानगरी

कोल्हापुरात कला जिवंत करायची म्हटली की आधी ती मेल्याची खात्री करावी लागते, आणि या कामात शहरानं कसलीही कसूर ठेवलेली नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. जयंतीला जमलेले रंगकर्मी राखेसमोर उभे राहून ढसाढसा रडले. त्यांच्या मागोमाग पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, मुख्यमंत्र्यांनी 20 कोटी जाहीर केले आणि ‘जसं होतं तसं’ उभारू असा शब्द मिळाला. हे सगळं इतकं झटपट झालं की अनुदानासाठी वर्षानुवर्षं अर्ज करणारे आमचे हौशी नाटकवाले विचारात पडले. आपली फाईल हलत नाही ती जळत नाही म्हणूनच की काय?

आता ‘जसं होतं तसं’ म्हणजे कसं? 1902 साली शाहू महाराज इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाच्या निमित्तानं विलायतेला गेले आणि युरोप बघून परतले. पुढाऱ्यांचे परदेशी अभ्यासदौरे आजही होतात, पण त्या एका दौऱ्यातून निदान खासबागेचं मैदान निघालं. 1912 ला कुस्तीचं मैदान आणि 1915 ला त्याला पाठ लावून पॅलेस थिएटर, म्हणजे हेच जळालेलं नाट्यगृह. एकीकडं पैलवान, एकीकडं नट, मध्ये भिंत. पण महाराज नुसत्या भिंती बांधून थांबले नव्हते. अल्लादियाखाँसाहेब दरबारी गवई होते, आबालाल रहिमान दरबारी चित्रकार. ‘जसं होतं तसं’ करायचं तर हेही करावं लागेल. अडचण एवढीच की दगडाचा, सागवानाचा, कौलांचा दर सरकारी दरसूचीत सापडतो. राजाश्रयाचा दर कुठल्याच पानावर नाही. मग टेंडर काढायचं कशाचं?

कोल्हापूरला कलावंत घडवायची हौस दांडगी. त्यांना ठेवून घ्यायची सवय तेवढी लागली नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच ‘सैरंध्री’ सिनेमा काढला, 1920 साली. त्यांच्या तालमीतली माणसं बाहेर पडली आणि 1929 ला त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही इथंच. 1933 ला प्रभात पुण्याला गेली. तिच्या तिथल्या स्टुडिओत आज देशभरातली पोरं सिनेमा शिकतात आणि आम्ही ‘प्रभात मूळची आमची’ एवढं पाठ करतो. जयप्रभा स्टुडिओचं तर विचारूच नका. भालजी पेंढारकरांचा हा स्टुडिओ 2020 साली विकला गेला आणि गावाला ते कळलं 2022 मध्ये. ज्या शहरात शेजाऱ्यानं कुठला मटण मसाला आणला हे संध्याकाळपर्यंत पेठभर होतं, तिथं अख्खा स्टुडिओ विकल्याची बातमी दोन वर्षं झाकून राहिली! कळल्यावर मात्र साखळी उपोषण झालं. शहराच्या मध्यवस्तीत नियमितपणे चालणारा नाट्यप्रकार म्हणून आता त्याचीच नोंद करायला हरकत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, तुम्हा राधानगरीकरांना काय त्याचं? तुम्ही गवे सांभाळा, काजवे दाखवा. पण या भानगडीत आमचाही हिस्सा आहे. आमचं गाव ज्यांच्या नावानं वसलं त्या राधाबाई, म्हणजे शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब महाराज. कोल्हापुरातल्या शालिनी सिनेटोन स्टुडिओला पाठबळ होतं ते त्यांचं. म्हणजे मराठी सिनेमाच्या एका स्टुडिओशी राधानगरीचं सख्खं नातं निघतं. शालिनीच्या सातबाऱ्यावर आमचं नाव नाही हे कबूल. पण तिथं प्लॉट पडले तेव्हा कलेचं तरी कुठं लागलं?

या हक्कानं एक सूचना करतो. आमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. साठा 8.36 टीएमसीच्या आसपास गेला की दरवाजा आपला आपण उघडतो आणि 1428 क्युसेक पाणी सोडतो. फीत नाही, नारळ नाही, कोनशिला नाही. मंत्री जलपूजनाला येतात तोवर पाणी शिरोळला पोचलेलं असतं. नाट्यगृहाच्या पडद्याला हीच यंत्रणा बसवावी. गावात नाटकवाले ठराविक पातळीच्या वर साठले की पडदा आपोआप उघडला पाहिजे. एरवी तो उघडायला भाडं लागतं, अनामत लागते, संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, शिवाय त्या तारखेला कुणाचा सत्कार समारंभ नसावा लागतो. यातली शेवटची अट सर्वांत अवघड.

ही सूचना मी आमच्या मामांना ऐकवली. मामा सोंगी भजनातले जुने कलाकार. तारामतीचं सोंग त्यांनी इतकी वर्षं काढलंय की मामी अजून अधूनमधून त्यांना विचारून साडी नेसतात. मामांनी चहा बशीत ओतला आणि विचारलं,

“त्ये पेपरात येतंय बघ, हेरिटेज वॉक. म्हंजे काय असतंय?”

“चालत फिरून जुन्या इमारती बघायच्या, मामा.”

“आणि आत?”

“कुलूप.”

“मग तिकीट कशाचं?”

मी विषय बदलला. म्हटलं, नवीन नाट्यगृहात आवाज चांगला घुमणार, खुर्च्या मऊ असणार, बाहेरून रंगीत लाईट सोडणार. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “समदं ब्येस हाय. नाटक सुटल्यावर राधानगरीची येष्टी हाय का?”

पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. कलेच्या पुनरुज्जीवनाबद्दल एवढी भाषणं ऐकली, पण हा प्रश्न एकाही व्यासपीठावर निघाला नव्हता. चारचाक्या लावायच्या कुठं यावर मात्र तज्ज्ञांत कडाक्याची चर्चा असते, कारण प्रेक्षक हा चारचाकीतूनच जन्माला येतो. भोगावतीकाठचा माणूस नाटकाला निघाला तर त्यानं तिसऱ्या अंकाआधी उठावं किंवा स्टँडवर झोपावं, असं बहुधा आराखड्यात गृहीत असावं.

तेव्हा आम्ही आमचा आराखडा आखलाय. पहिल्या प्रयोगाला वडाप ठरवायचं. ड्रायव्हर म्हणतो, नऊ शिटा भरल्याशिवाय गाडी सुटणार नाही. आजवर चार जण तयार झालेत. त्यातले दोघं शेजारच्या खासबागेत कुस्ती असेल तर येतो म्हणालेत.