बाईंची गाडी आणि पडद्यावरची वाई

“वहिनी, कपडे झाले का वाळत घालून? या जरा इकडे, कडीपत्त्यापाशी. तिथनं आमच्या सासूबाईंना सगळं ऐकू जातं. काल टीव्हीवर ‘स्वदेस’ लागलेला, बघितलात?”

“अहो, २००४ सालापासून तेच बघतोय. आमच्या ह्यांना तर त्यात शाहरुख दिसतच नाही. ‘तो बघ मेणवलीचा घाट, ती बघ नाना फडणवीसांच्या वाड्याची भिंत.’ आणि सिनेमात म्हणे ते उत्तर प्रदेशातलं चरणपूर!”

“वाईचं नशीबच तसलं. ‘गंगाजल’मध्ये बिहार झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश, ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये तर पार तमिळनाडू. ढोल्या गणपतीला तरी कळत असेल का, आज आपण कुठल्या राज्यात बसलोय ते? आणि भाऊजी होते ना एका मोर्चात?”

“होते तर! दिवसभर उन्हात घोषणा दिल्या. पडद्यावर आलं फक्त एक कोपर. तेही ह्यांचंच, असं ह्यांनीच ठरवलंय. पण तुमच्या भिंतीइतकी कीर्ती नाही हो मिळाली आम्हाला.”

“नका आठवण काढू. रस्त्याकडची भिंत शूटिंगवाल्यांनी रंगवायला मागितली, आम्ही हौसेनं दिली. त्यांनी हिंदीत भलं मोठं ‘देसी शराब का ठेका’ रंगवलं आणि काम संपल्यावर गेले निघून. चुन्याचे दोन हात मारले तरी अक्षरं वर येतायत. त्यातच नणंदेला बघायला कराडची मंडळी आली. त्यांतले आजोबा दारात थांबून चष्मा पुसून वाचतायत! सासूबाई तेव्हापासून सिनेमाचं नाव काढू देत नाहीत. बरं, ते राहू द्या. मी बोलावलं वेगळ्यासाठी. बाईंचं कळलं का?”

“कुठल्या बाई? गणिताच्या?”

“त्याच. परवा पाचगणीला डोहाळजेवणाला गेलो होतो आम्ही चौघी, बाईंच्या जुन्या मारुती आठशेतून. निघता निघता रात्र झाली. पाऊस, वर धुकं. पसरणी घाटाची दोन वळणं उतरलो आणि गाडीचे पुढचे दिवेच गेले. दोन्ही, एकदम!”

“अगं बाई! थांबायचं ना मग.”

“कुठे थांबणार? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कठडा, आणि मागनं येणाऱ्याला आपण दिसणार नाही. मी रामरक्षा सुरू केली. बाई म्हणाल्या, ‘मनात म्हणा, मला ऐकू येऊ दे.’”

“काय ऐकू येऊ दे?”

“एसटी! मागनं येत होती. बाईंनी इंडिकेटर लावून गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, खिडकीतनं हात काढून एसटीला पुढे जाऊ दिलं आणि लागल्या तिच्या मागे. तिच्या लाल दिव्यांवर नजर. जवळ गेलं तर आदळायची भीती, लांब राहिलं तर धुक्यात दिवे गुडूप. गाडी सगळा वेळ दुसऱ्या गिअरात. मी म्हटलं, ब्रेक दाबा ना हो! तर म्हणाल्या, ‘सारखा दाबून धरला तर ब्रेक तापतात, मग नको तिथे लागत नाहीत. गाडीला गिअरनं धरायचं.’ जसं काही वर्गात फळ्यापुढे उभ्या आहेत.”

“आणि एसटीवाल्याला काही पत्ता?”

“लागला ना! कंडक्टर मागच्या काचेशी येऊन बसला, हातात बॅटरी. वळण डावीकडे असेल तर बॅटरी डावीकडे हलवायचा, उजवीकडे असेल तर उजवीकडे. बुवासाहेबांच्या देवळापाशी माझे हात आपोआप जोडले गेले. बाईंनी जोडले नाहीत, बरंच झालं. पुढे पसरणीचे दिवे दिसले तेव्हा कुठे बोलल्या, ‘शाहीर साबळ्यांचं गाव आलं, आता म्हणा काय मोठ्यानं म्हणायचं ते.’ आमच्यातल्या एकीच्याही तोंडून शब्द फुटेना.”

“ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. त्या सिनेमातल्या गाड्या उडतात त्याचं काही वाटत नाही बघा.”

“खरी गंमत पुढेच. वाईच्या स्टँडवर कंडक्टर उतरून आमच्याकडे आला. आत वाकून बघतो तर चार बायका, जरीच्या साड्या, मांडीवर फराळाचे डबे. बाईंना विचारतो, ‘ड्रायव्हर कुठं गेले?’ बाईंनी डबा उघडून त्याच्या हातावर करंजी ठेवली आणि म्हणाल्या, ‘ड्रायव्हरकडून.’”

“अशी बाई हवी! त्यांच्या यजमानांना केवढं कौतुक वाटलं असेल.”

“हळू बोला! त्यांना कुठे माहीत आहे? गॅरेजवाल्यालासुद्धा बजावलंय, दिवे अंगणातच गेले म्हणून सांग. नाहीतर चावी कपाटात जाईल. तुमच्या पोटात राहतं म्हणून तुम्हाला सांगितलं. पलीकडच्या काकूंना सकाळी सांगितलं, त्यांनाही हेच बजावलंय.”

“मला काकूंनीच सांगितलं दूध घेताना. पण करंजीचं नव्हतं हो सांगितलं त्यांनी.”