चालतात मामा, जिंकतं फायनान्स

कर्मचाऱ्यांना हलवायचं ठरलं की कंपनी आधी त्यांना बसवते. विषय ‘बैठ्या जीवनशैलीचे धोके’, वेळ दीड तास, कॅमेरा चालू ठेवणं बंधनकारक. हिंजवडीतल्या एका कंपनीत (नाव सांगत नाही, चहा अजून तिथलाच प्यायचा आहे) हे व्याख्यान मी पाठ ताठ ठेवून ऐकलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, असं पडद्यावर आलं. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, हे सहज जमण्यासारखं आहे. जमणारच. अडीच तास तर आमची एक आढावा बैठक खाते. पण त्या बैठकीला हात लावायचा नव्हता. व्यायामाची वेळ ठरली सकाळी सहाची, ऐच्छिक, फक्त हजेरी लागणार.

मग सायकली आल्या. उद्घाटन 3 जूनला, कारण तो जागतिक सायकल दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो 2018 साली जाहीर केला, आणि जाहीर करताना पुण्याच्या पावसाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आठवडाभरात आभाळ भरून आलं आणि सायकलींवर जी निळी ताडपत्री पडली ती दसऱ्यापर्यंत निघाली नाही. उद्घाटनाला डायरेक्टर साहेब स्वतः सायकल घेऊन आले. म्हणजे सायकल गाडीच्या मागे रॅकला बांधलेली होती. ती उतरवायला दोन सिक्युरिटीवाले लागले, साहेबांनी पार्किंगमध्ये एक गोल फेरी मारली, फोटो झाला, आणि ती पुन्हा चढवायला तेच दोघे. त्या दिवशी सर्वाधिक व्यायाम त्या दोघांना झाला असावा.

एका भाबड्या नव्या मुलाने विचारलं, की घामेजून आल्यावर अंघोळीची सोय काय? मॅडमनी त्याचं कौतुक केलं आणि प्रश्न ‘पार्किंग लॉट’मध्ये टाकला. बैठकीत ज्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं ते तिथे ठेवतात. सायकलीही तिथेच आहेत.

रस्त्याबद्दल मात्र कोणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं हे आपण इतक्या अभिमानाने सांगतो की ते आता का नाही, हे विचारणं अशिष्टपणाचं ठरतं. तसे प्रयत्नही झाले. बीआरटीच्या रस्त्यांकडेला सायकल ट्रॅक बांधले. 2017 च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, शेकडो किलोमीटरचं जाळं कागदावर विणलं. त्याच सुमाराला पिवळ्या, केशरी, निळ्या भाड्याच्या सायकली फुटपाथवर उगवल्या. काहींचं कुलूप गेलं, काहींची सीट, आणि थोड्या वर्षांत त्या कंपन्याही गेल्या. ट्रॅक मात्र टिकले. त्यांवर वडापावच्या गाड्या नीट उभ्या राहतात, दुचाक्या लागतात आणि कोंडी झाली की त्यांवरून स्कूटर जाते. हिंजवडी तर पुणे महापालिकेच्या हद्दीतच नाही, त्यामुळे तिथे वडापावची गाडी थेट रस्त्यावर लावावी लागते. इतकं असूनही वाटेवरच्या भूमकर चौकातल्या कोंडीत जो पुढे सरकतो तो सायकलवालाच. पण तो आमच्या कंपनीचा नसतो, त्यामुळे त्याची नोंद होत नाही.

नोंदीवरून आठवलं. प्रवासभत्त्याच्या पोर्टलवर वाहन निवडायचं असतं: चारचाकी, दुचाकी, कॅब. त्या नव्या मुलाने ‘दुचाकी’ निवडून सायकलचे पैसे मागितले. त्याच्याकडे पेट्रोलची पावती मागण्यात आली. नेदरलँड्समध्ये मालक सायकलने येणाऱ्याला किलोमीटरमागे 23 सेंट करमुक्त देऊ शकतो, हे त्याने ईमेलने कळवलं. उत्तर आलं, की आपलं नेदरलँड्समध्ये ऑफिस नाही.

सायकली ताडपत्रीखाली गेल्यावर कंपनीचा वेलनेस उपक्रम पावलांवर आला. रोज दहा हजार. हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही. 1960 च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकणाऱ्या कंपनीने तो रूढ केला. पण आकडा गोल असला की कॉर्पोरेट जगाला तो शास्त्रीय वाटतो. प्रत्येकाला मनगटी घड्याळ मिळालं, कँटीनबाहेर मोठ्या पडद्यावर क्रमवारी लागली, आणि जी माणसं लिफ्टची वाट पाहायला खुर्ची मागतील ती एकमेकांची पावलं मोजू लागली. कोणी घड्याळ मुलाच्या झोक्याला बांधलं, कोणी कुत्र्याच्या पट्ट्याला. फायनान्सवाले या सगळ्यांच्या पुढे. त्यांनी आपली पाच घड्याळं पॅन्ट्रीतल्या मामांच्या हातात भरली.

मामा सकाळी सात ते संध्याकाळी सात तीन मजले चहा फिरवतात. ट्रे, रिकामे कप, कुठल्या केबिनला बिनसाखरेचा, कुठे आल्याचा. महिनाअखेर फायनान्सचे पाचही जण पहिले आले, आणि पाचही जणांची पावलं शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी. ऑडिटच्या माणसाची भुवई वर गेली. मॅडमची नाही. त्यांनी या पाचांना ‘सर्वोत्तम संघभावना’ पुरस्कार दिला. समारंभात केक कापला, वर चहा झाला. चहा मामांनी आणला, आणि घड्याळं हातातच असल्याने पुढच्या महिन्याची आघाडीही तिथेच सुरू झाली.

या सगळ्याने फायदा काय, असं अकाउंट्समधल्या एका कुजक्या माणसाने विचारलंच. मॅडमकडे संशोधन तयार होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग झाला. कोणाला उपक्रम द्यायचा आणि कोणाला नाही, हे यदृच्छेने ठरवलं. 2019 साली निष्कर्ष छापून आले: वैद्यकीय खर्चात फरक नाही, जिमला जाण्यातही नाही. हौसेने भाग घेणारे होते ते मुळातच तब्येत राखून असलेले. एक गोष्ट मात्र वाढली. कंपनीला आपल्या आरोग्याची काळजी आहे, असं लोकांना जास्त वाटू लागलं. मॅडमनी शेवटचं वाक्य ठळक करून सगळ्यांना पाठवलं आणि पुढच्या वर्षीचं बजेट मंजूर झालं.

मामा शेजारच्या माण गावातून सायकलने येतात. जुनी काळी, पुढे डब्याची पिशवी अडकवलेली. ती ते गेटबाहेर टपरीमागे साखळीने बांधतात, कारण आतल्या स्टँडला वेलनेसचा स्टिकर लागतो, स्टिकरला एम्प्लॉयी कोड लागतो, आणि मामा कंत्राटदाराकडचे. त्या नव्या मुलाने (हा मुलगा फार दिवस टिकणार नाही) मामांनाही उपक्रमात घ्या म्हणून अर्ज केला. कंपनीने तो सहानुभूतीने पाहिला. अपवाद म्हणून मामांना सामील करून घेण्यात येत आहे, मात्र नियम सर्वांना सारखे. त्यांनी उंची-वजनाचा फॉर्म इंग्रजीत भरावा, आणि दर बुधवारी तीन ते साडेचार वेबिनारला खुर्चीत बसून हजर राहावं. त्या वेळेत चहा मिळणार नाही, सहकाऱ्यांनी मशीनचा घ्यावा. फायनान्सच्या मंडळींनी या बदलाला लेखी हरकत घेतली आहे.