अडीच इंची द्या!

विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत पाईपलाईन टाकायची होती. भाच्याला शिरूरला पिटाळलं. अडीच इंची आण, म्हटलं. पोरगं इंजिनिअरिंगचं. मोबाईल काढला, अडीच गुणिले २५.४, उत्तर साडेत्रेसष्ट. काउंटरवर रुबाबात म्हणाला, "६३ एमएमचा द्या."

मिळाला. दोन इंची.

गणित चुकलं? मुळीच नाही. दुकानदार चुकला? तोही नाही. पीव्हीसी पाईपवर छापलेले मिलिमीटर बाहेरून मोजलेले, आणि गावाच्या तोंडातले इंच आतल्या पोकळीचे, तेही अंदाजपंचे. म्हणून ६३ म्हणजे दोन, ७५ म्हणजे अडीच, ९० म्हणजे तीन, ११० म्हणजे चार. हा पाढा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. अंगठेबहाद्दर गिऱ्हाईकाला मात्र तोंडपाठ.

वर दुकानदार विचारतो, "चार किलोचा देऊ की सहा किलोचा?" ते किलो दाबाचे, चौरस सेंटिमीटरला. भाच्याने पाईप उचलून वजनाचा अंदाज घेतला म्हणे.

आणि आपण मेट्रिक देश!

कायदा १९५६चा, अंमल १९५८च्या ऑक्टोबरपासून, टप्प्याटप्प्याने. टप्पे अजून चालू असावेत. सातबारा हेक्टर-आरमध्ये, सौदा गुंठ्यात, आणि गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा. बोअरचा भाव फुटावर, भोक साडेसहा इंची. मिलिमीटरमध्ये पडतो तो फक्त पाऊस.

तोही पेपरात.

सरकार तरी कुठे सुधारलंय? दौंड जंक्शनवर दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. काय शास्त्रशुद्ध आकडा! गोऱ्या साहेबाचे साडेपाच फूट आहेत ते, नुसता सदरा बदललेला. दौंड-बारामतीची जुनी छोटी गाडी ७६२ मिलिमीटरवर धावायची, म्हणजे अडीच फुटांवर. साडेपाच फुटांचे काटेकोर होतात १६७६.४. वरचे पॉइंट चार रेल्वेने सोडून दिले.

मन मोठं.

त्याच दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात नंबरचे. या बलात शिपाई व्हायचं तर पुरुषाची उंची हवी १६८ सेंटिमीटर. आता लग्नाच्या बायोडेटात पाच फूट सहा इंच लिहिणारा पोरगा घ्या. खरं लिहिलंय असं धरू. मैदानावर तो भरतो १६७.६४, बरोबर रुळांमधल्या अंतराएवढा. पट्टी डोक्याला टेकली की पोरगा घरी. इथे पॉइंट सोडून देणारं कुणी नाही.

अशा पोराला पारावर सल्ला ठरलेला: "पहाटे उठल्या उठल्या माप दे, माणूस अर्धा इंच जास्त भरतो."

कमी पडतात ३.६ मिलिमीटर. सल्ला इंचात.