दुसऱ्यांदा लिहिलेला वाघ

शाळेच्या वहीवरचा डाग आणि चारित्र्यावरचा डाग यांत आपण फारसा फरक करत नाही. 'खाडाखोड करू नये' ही सूचना मुलाच्या कानावर इतक्या लहानपणी पडते की लिहिलेलं खोडणं म्हणजे काहीतरी लपवणं, असंच त्याला वाटू लागतं. म्हणून निबंध संपला की मूल खाली रेघ मारतं, वही मिटतं आणि मैदानाकडे बघतं. अशा वेळी 'हाच निबंध पुन्हा एकदा लिहू या' असं म्हणणाऱ्या मास्तरकडे चंद्रपूर-गडचिरोलीचं पोरगं ज्या नजरेनं पाहतं, ती नजर मला पाठ आहे. "एकडाव लिवलं ना जी! आता आखीन कायले?" लिखाण सुधारावं म्हणून, हे उत्तर खरं असलं तरी उपयोगाचं नाही. आश्रमशाळेतल्या मुलाला आधीच चहूबाजूंनी सुधारणं चालू असतं. कुणी त्याची नखं तपासतं, कुणी हिवतापासाठी बोटातून रक्त काढतं, कुणी त्याचा 'ळ' जागेवर आणतं. त्यात आता निबंधानंही सुधारायचं, म्हणजे बिचाऱ्यानं बसावं तरी कुठे?

ताडोब्याच्या कडेच्या गावांत 'माझा आवडता प्राणी' हा विषय दिला की वाघ येतोच. पण येतो तो गाईडातला. त्याला चार पाय, दोन डोळे आणि एक शेपूट असते. तो जंगलात राहतो. वास्तविक चंद्रपूरचा वाघ जंगलात राहण्याचं बंधन पाळत नाही, औष्णिक वीज केंद्राच्या आवारातल्या झुडपांतही तो बिनपरवाना हिंडलेला आहे. पण निबंधातला वाघ मात्र नियमानं जंगलातच राहतो, आणि शेवटी, बहुधा गायीच्या निबंधातून वाट चुकून आलेल्या वाक्यानुसार, 'असा हा वाघ आपल्याला फार उपयोगी आहे'. अशा वाघावर लाल शाई चालवण्यात काही पुरुषार्थ नाही. मी पेन खिशात ठेवलं आणि असा वाघ लिहिणाऱ्या एका पोराला विचारलं, "तू पाहिलास का रे वाघ?"

"पायला ना जी. आजीसंग मोहा येचाले गेल्तो तवा."

"मग काय केलं त्यानं?"

"काई नाई. तो बसून होता, आमी उभे. मंग आजीनं टोपली डोक्शावर उलटी घेतली. आमी त्याले मोठे दिसाव म्हून."

चैत्रातली पहाट, झाडाखाली पडलेली पिवळट फुलं, मोहाचा तो जडसर गोड वास, आणि टोपलीनं हातभर उंच झालेली म्हातारी. मोहा-तेंदूच्या हंगामात वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या इथे दरवर्षी येतात, त्यामुळे ऐकताना हसू येतं आणि तिथेच थांबतं. "मग हे का नाही लिहिलंस?" मी विचारलं. पोरगं खरोखरच चकित झालं. "हे निबंधात चालते का जी?"

माझ्या मते पुनर्लेखनाची सगळी गंमत या प्रश्नात आहे. पहिला खर्डा मूल शाळेसाठी लिहितं. दुसऱ्या वेळी, चालतं हे कळल्यावर, ते स्वतः आत शिरतं. त्या पोरानं चार पाय खोडले, दोन डोळे मात्र ठेवले, कारण ते त्यानं पाहिले होते. शेवटचं वाक्य काढायला तो तयार होईना. मग त्यानंच तोड काढली: 'असा हा वाघ आपल्याला फार उपयोगी आहे, पण मोह्याच्या दिवसांत नाही.'

तिकडे भामरागडकडे अडचण आणखी खोल आहे. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा तिथे एकत्र येतात. वर्षानुवर्षं पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागड जगापासून तुटायचं. तरी 'पावसाळ्यातील एक दिवस' मध्ये तिथलं मूल कागदी होड्या सोडतं आणि आईच्या हातची गरम भजी खातं. ते खोटं बोलत नसतं. त्याच्या घरात माडिया बोलतात आणि मराठी त्याला शाळेत भेटते. त्या मुलखात जो कुणी मास्तर फळ्यापुढे उभा राहिला असेल त्याला हे ठाऊक असणार. पहिल्यांदा लिहिताना मुलाचं सगळं लक्ष मराठी सांभाळण्यात जातं. पाऊस आठवायला सवड मिळते ती दुसऱ्या वेळी. तेव्हा भजी जातात आणि पुलाच्या अलीकडे दोन दिवस अडकून पडलेला बाप येतो. व्याकरण कदाचित बिघडतं. बिघडू द्यावं.

खोडायचं कसं, हे मात्र या मुलांना शिकवावं लागत नाही. मे महिन्यात तेंदूची पानं मोजून 70-70 चं पुडकं बांधताना जी मुलगी फाटकं पान बोटांच्या स्पर्शानं ओळखून बाजूला टाकते, तिला फाटकं विशेषण टाकताना दुःख होत नाही. फक्त ते फाटकं आहे हे तिचं तिला कळायला हवं. त्यासाठी झाडीपट्टीची रंगभूमी मदतीला येते. दिवाळी ते होळी, वडशाच्या मंडळ्यांची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात. 2023 मध्ये पद्मश्री मिळालेल्या परशुराम खुणे यांनी या मंचावर हजारो प्रयोग केले. प्रॉम्प्टर आणि प्रेक्षक यांच्यामध्ये उभं राहिलं की कुठलं वाक्य पडतं आणि कुठलं उभं राहतं हे नटाला लगेच कळतं. आम्ही वर्गात तेच करतो. निबंध लिहिणाऱ्यानं बाकावर बसायचं, वाचायचं मित्रानं. लेखक आपलंच लिखाण परक्या तोंडून ऐकतो, आणि 'निसर्गाच्या कुशीत वसलेले माझे गाव' या ओळीला मागच्या बाकावर जांभई आली की मुकाट्यानं पेन्सिल उचलतो. कुणी हसलं तर तिथे आणखी दोन ओळी वाढतात, आणि त्या बहुतेक वेळा अतिशयोक्तीच्या असतात. झाडीपट्टीच्या पोराकडून संयमाची अपेक्षा करू नये.

बाणांनी, गोलांनी आणि समासातल्या शेपट्यांनी भरलेली अशी पानं वही तपासणाऱ्या साहेबांना आवडत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांना सह्या करायला कोरी जागा लागते. परवा एका मुलीनं व्यवहाराचा प्रश्न विचारला. "बोर्डात दोनदा लिवलं तर मार्क दोनदा भेटतेत का जी?" तीन तासांच्या पेपरात दुसरा खर्डा बसवायचा कुठे, याला माझ्याकडे उत्तर नाही. मंडळालाच विचारावं म्हणून मी पत्र लिहायला घेतलं आहे. तिनं ते वाचून त्यातला पहिला परिच्छेद पूर्ण खोडला, दुसऱ्यातून 'सविनय' काढलं, आणि 'आपला नम्र' तेवढं राहू दिलं आहे.