रुमालतात्या

लग्नाचा अल्बम हातात आला की माणूस आधी नवरी बघतो, मग नवरदेव, मग पंगतीच्या फोटोत स्वतःला हुडकतो. आमच्या सास्तूरचे रुमालतात्या भिंत बघतात. नवरीच्या खांद्यावरून, नवरदेवाच्या फेट्याच्या बाजूनं, करवलीच्या कानामागून जेवढी दिसेल तेवढी. कोपरीच्या खिशातून भिंग काढतात, श्वास रोखतात आणि हळहळतात, "च्च! नवरी वीतभर सरकून उभी राहिली असती तर आख्खा कोनाडा दिसला असता."

ज्यांच्या घरचा अल्बम असतो त्यांना वाटतं, तात्यांना नवरी पसंत नाही.

तात्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर बरोबर आणि मतदारयादीत चूक आहे, हे त्यांनीच मला दोन्ही कागद समोर ठेवून दाखवलंय. गाव मात्र रुमालतात्याच म्हणतं. कापडात गुंडाळून बांधलेल्या जुन्या दप्तराच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, हे आता फारसं कुणाच्या कानावर नाही. त्यांच्या पुण्याच्या जावयाच्याही नव्हतं. सासऱ्याला रुमालांचा नाद आहे एवढं ऐकून बिचाऱ्यानं पहिल्या दिवाळीला डझनभर पांढरे रुमाल आणले. तात्यांनी खुशीनं ठेवून घेतले. आज त्यांत एसटीची तिकिटं बांधलेली आहेत, एका रुमालात पाच वर्षांची.

जन्म गेला तो तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल म्हणून, साहेबाचं दप्तर डोक्यावर वाहण्यात. नोकरी सुटली, दप्तर उतरलंच नाही. १९९३ च्या भूकंपानंतर जमिनीच्या मापानं घरं मिळाली: २५० चौरस फूट, ४०० आणि ७५०. तात्या चारशेवाले. त्यातल्या एका खोलीत काकू राहतात, एका खोलीत रुमाल राहतात. तात्यांचा मुक्काम मधल्या दारात.

रुमाल तीन. झाडं, गाड्या आणि गाव.

झाडांचा रुमाल सगळ्यात पातळ. त्यात तात्यांची चूक नाही. आमच्या जिल्ह्यात जंगल दाखवायचं म्हटलं की पाहुण्याला येडशीच्या रामलिंग अभयारण्यात न्यावं लागतं. ते १९९७ ला जाहीर झालं आणि आहे जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. उरलेल्या जिल्ह्यात बांधावरची बाभळ, देवळापुढचा लिंब आणि वृक्षारोपणाचा खड्डा. राज्याचा आकडा २०१६ ला दोन कोटी झाडांचा होता, २०१९ ला तेहेतीस कोटींचा झाला. त्या काळातली वर्तमानपत्रांची कात्रणं तात्यांनी एका गावापुरती जमवली. गावाचं नाव तात्या सांगतात, मी सांगणार नाही. पाहुणे दर वर्षी निराळे, खड्डा तोच. एवढं तर कुणीही ओळखील. तात्यांनी भिंग लावून त्यापुढचं शोधलं. रोपही तेच होतं. दुसऱ्या फांदीला तोच निळा दोरा.

"म्हणजे जगलं तर!" मी म्हणालो.

"न जगायला काय झालं? कार्यक्रम संपला की माघारी रोपवाटिकेत."

गाड्यांचा रुमाल जाडजूड. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली मोटारी सुरू केल्या तेव्हा त्या सत्तावीस होत्या, हा आकडा तात्या घरातली माणसं मोजावीत तसा सांगतात. कंडक्टरच्या पेटीतली जुनी तिकिटं, चिमट्यानं पाडलेल्या भोकांसकट, त्यांच्याकडे तारीखवार आहेत. भोक कुठल्या आकड्यावर पडलंय त्यावरून प्रवास कुठून कुठवर झाला ते सांगतात. हल्लीच्या मशीनच्या तिकिटावर मात्र त्यांचा दात आहे. "चार म्हैन्यात कोरं पडतंय बघा. मानूस लोहाऱ्याला गेलता का न्हवता, सांगायची सोय न्हाई." म्हणून तात्या एसटीतून उतरले की आधी झेरॉक्सच्या दुकानात शिरतात. तिकिटापेक्षा झेरॉक्सला जास्त पैसे गेले, अशीही एका प्रवासाची नोंद आहे. ती काकूंनी करून ठेवली आहे, तोंडी.

एकदा बार्शी लाईटचा विषय निघाला. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली आणि लातूरला १९११ साली आलेली ती अडीच फुटी रुळांची आगगाडी. मी आपलं सगळे सांगतात तेच सांगितलं, की चालत्या गाडीतून माणसं उतरायची, आडोशाला जाऊन यायची आणि पळत येऊन त्याच डब्यात बसायची.

तात्यांनी चष्मा वर केला. "तारीख?"

"तारीख कशी सांगू? सगळेच म्हणतात."

"सगळे म्हंजे कोन? डबा कंचा? स्टेशन कंचं?"

मी गप्प बसलो. मग त्यांनीच सांगितलं की ही गाडी बांधणारा साहेब एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यानंच पुढं विमानातून उडी मारायची छत्री, म्हणजे पॅराशूट तयार केलं. मला राहवलं नाही. म्हटलं, चालत्या गाडीतून उतरणारी आपली माणसं बघूनच त्याला ते सुचलं असणार.

तात्या हसले नाहीत. रुमाल सोडला, वही काढली, पान काढलं. कॅलथ्रॉपचा दोस्त चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉईसमधला रोल्स, १९१० साली विमान पडून मेला, तेव्हापासून साहेबाच्या डोक्यात ते आलं. तात्यांशी थट्टा करायची तर सोबत जोडपत्र लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तात्यांचा भाव एकदाच वधारला. २०२३ साली शिंदे समिती नेमली गेली आणि निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्याला एकदम माणसं हुडकू लागली. तात्यांनी कधीतरी दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केलेला. सकाळपासून ओट्यावर चपलांचा ढीग, आत काकूंचा चहा. एक पोरगा खापरपणजोबांचा कागद घेऊन आला, त्यावर 'सन १३४०'. तो हरखून गेलेला. "तात्या, सहाशे-सातशे वर्षांचं हाय! शिवाजी महाराजांच्याबी आदुगरचं आमचं घरानं!"

"फसली सन हाय त्यो. पाचशे नव्वद मिळव."

पोरानं मोबाईलवर मिळवले. १९३० आले. एका बेरजेत घराण्याची ५९० वर्षं गेली. त्यानं पुन्हा तात्यांच्या ओट्याला पाय लावला नाही. तात्यांनी मात्र त्याच्या कागदाची झेरॉक्स आधीच काढून ठेवली होती.

आता तिसरा रुमाल. गावाचा.

जुन्या सास्तूरचा फोटो नाही. म्हणजे गावाचा म्हणून, गाव बघण्यासाठी कुणी काढलेला, असा एकही तात्यांच्या हाती लागलेला नाही. निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ नावाचा मोठा फोटोग्राफर होता, त्याला 'राजा' हा किताब होता. त्यानं राजवाडे काढले, शिकारी काढल्या, लेणी काढली. "येवढ्या लांब लांब हिंडला गडी," तात्या म्हणतात, "सास्तूरला तेवढं यायचं ऱ्हायलं." हे ते सोयरा लग्नाला आला नाही अशा स्वरात म्हणतात.

मग ३० सप्टेंबर १९९३ आला. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या रुंद भिंती, माळवदाच्या जड मातीसकट, झोपलेल्या माणसांवर आल्या. उजाडल्यावर लष्कर आलं, पुढारी आले, फोटोवाले आले. सास्तूरचे सगळ्यात जास्त फोटो निघाले ते सास्तूर नसताना. ते तात्यांच्या रुमालात नाहीत. कुणी आणून दिले तर घेत नाहीत. "ह्ये गाव न्हाई. ह्यो मुरूम हाय," म्हणतात.

त्यांचं गाव लग्नांच्या, बारशांच्या, जावळांच्या फोटोंत मागं मागं दडलेलं आहे. भूकंपाआधी ज्यांच्या लेकी बाहेरगावी दिल्या होत्या, त्यांच्या सासरी अल्बम वाचले. तात्या लेकींच्या गावोगाव हिंडतात. उमरगा, औसा, निलंगा, पार अक्कलकोट. चहा पितात, ख्यालीखुशाली विचारतात आणि भिंग काढतात. या फोटोतून अर्धा दरवाजा, त्या फोटोतून पाराची तीन दगडं, एकीच्या डोहाळजेवणातून माळवदाच्या सवण्यातून पडलेला उन्हाचा पट्टा. असं करत त्यांनी पुठ्ठ्यावर जुन्या गावाचा नकाशा जुळवत आणलाय. घर किती खणाचं, खांब लाकडी की दगडी, किलचण कशाचं, सगळं पेन्सिलीनं. भूकंपात बऱ्याच ठिकाणी भिंती बाहेर पडल्या आणि लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या राहिल्या. पुढं लोकांनी तीच लाकडं नव्या गावात आणून गोठ्यांना, छपरांना लावली. तात्या दुसऱ्याच्या गोठ्यात शिरतात, म्हशीला बाजूला करतात, तुळईवरून हात फिरवतात आणि सांगतात, ही कुठल्या वाड्याची, कितव्या खणाची. एका म्हशीनं त्यांना लाथही मारली आहे. तुळईची नोंद आहे, लाथेची नाही.

या सगळ्यात तात्यांची एकच तक्रार असते. फोटोत माणसं फार मधे येतात.

"ह्यांना इचारा, लग्नात मी कंचं लुगडं नेसले होते," काकू एकदा मला म्हणाल्या. "न्हाई सांगता यायचं. माझ्या मागं दारावर कंचं तोरण होतं, ते इचारा."

"खारकांचं," आतून आवाज आला.

ते तोरण तात्यांना तोंडपाठ ठेवावं लागलं, कारण त्यांच्या लग्नाचा अल्बम ढिगाऱ्यात गेला. दुसऱ्यांच्या घरची भिंतन् भिंत हुडकून काढणाऱ्या या माणसाकडे स्वतःचा म्हणून १९९३ च्या आधीचा एकही फोटो नाही. त्याचं त्यांना काही वाटत असेल तर ते कुठल्या रुमालात ठेवलंय, मला माहीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या आत्याची ट्रंक उपसताना मला एक फोटो सापडला. काळा-पांढरा, कोपरे खाल्लेला, मागं पेन्सिलीनं '१९७८, सास्तूर'. मी तडक तात्यांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. डावीकडे पाराचा लिंब, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. उजवीकडे लाल डब्याचं तोंड, नंबरासकट. मागं वाड्याची भिंत, अशी सबंध त्यांनी भूकंपानंतर पाहिली नव्हती. झाड, गाडी आणि गाव एका कागदावर.

फक्त मधोमध एक पोरगा. बेलबॉटम, कानावर केस, एक हात एसटीच्या बॉनेटवर, जणू गाडी त्याच्या बापाची.

तात्यांचा जीव वरखाली झाला. "आरं कोन ह्यो ठोंब्या! दरवाजाच्या बरोब्बर म्होरं! दोन पावलं सरकला असता तर चौकटीवरचं गणेशपट्टीचं नक्षीकाम दिसलं असतं. ह्या लोकांना अक्कल म्हनून..."

चहा घेऊन आलेल्या काकूंनी वाकून पाहिलं आणि कप खाली ठेवला. पदर तोंडावर धरून त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या.

"अवो, लगीन झाल्यावर वरीसभर हीच बेलबॉटम धुतली म्या, हौदावर. तुमीच की त्ये!"

तात्यांनी भिंग पुसलं. पुन्हा लावलं. या खेपेला ते भिंतीवर नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे, चहावर साय धरली. मग त्यांनी सवयीनं विचारलं, पण आवाज कोतवालाचा नव्हता.

"पुरावा?"

"मी हाय की," काकू म्हणाल्या.

तात्यांनी पेन्सिल काढली. फोटोच्या मागं '१९७८' च्या खाली पंचनाम्याच्या अक्षरात लिहिलं: लिंब, पारासह. एसटी एक. वाड्याची पूर्वेकडील भिंत, संपूर्ण. मधे उभा इसम, आणि त्यापुढं स्वतःचं नाव, सातबाऱ्याप्रमाणे. त्याखाली: ओळख पटवणार, आणि काकूंचं नाव. तिन्ही रुमालांत मिळून काकूंच्या नावाची ती पहिलीच नोंद.

फोटो कुठल्या रुमालात ठेवायचा हे काही त्यांना ठरवता येईना. ते उठून फळीकडे वळले. काकू फळीच्या बरोब्बर पुढं आडव्या उभ्या होत्या.

तात्या त्यांना सरका म्हणाले नाहीत.