शनिवारकर

अमेरिकेच्या दक्षिणेत आणि मध्यभागात एक जमात राहते. तिला एकच आडनाव द्यायचं झालं तर मी 'शनिवारकर' देईन. पुण्याच्या शनिवार पेठेशी तिचा काही संबंध नाही. कॉलेज फुटबॉलचे सामने शनिवारी असतात, एवढंच. सोमवार ते शुक्रवार शनिवारकर चारचौघांसारखा वागतो. विमा विकतो, लोकांचे दात काढतो, तेलकंपनीत हिशेब तपासतो. शनिवारी मात्र पहाटे उठून पिकअप गाडीत शेगडी, घडीची टेबलं, टीव्ही आणि सासरे चढवतो आणि स्टेडियमच्या वाहनतळाकडे निघतो. सामना संध्याकाळी साडेसहाला असतो. पुतणीनं ऑक्टोबरातल्या शनिवारी लग्न काढलं तर हा जातो, पण आहेर किती करायचा हे त्या दिवशी सामना कोणाशी होता ते पाहून ठरवतो.

आपल्या टीमच्या विद्यापीठात तो शिकलेला असतोच असं नाही. बापाची टीम ती पोराची टीम, मग पोरगा दहावीच्या पुढे गेला नाही तरी चालतं. बोलताना मात्र 'आम्ही'शिवाय बात नाही. "यंदा आमची बचावफळी जरा कच्ची आहे, पण आम्ही पळतो जोरात," हे वाक्य गुडघ्याला पट्टा बांधलेला पंचावन्न वर्षांचा गृहस्थ म्हणतो आणि तेवढं म्हणूनच त्याला धाप लागते.

हंगामात नियमित सामने बारा. म्हणजे वर्षाचे चाळीस आठवडे मोकळे. रिकामा शनिवारकर घातक असतो, कारण मग तो नकाशा घेऊन बसतो.

विद्यापीठांच्या संघांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. पूर्वी शेजारीपाजारीच एका गटात असायचे; बसने जायचं, हरायचं आणि रात्री घरी यायचं. आता 'बिग टेन'मध्ये १८ संघ आहेत आणि 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये १६. मध्यंतरी तर बिग टेनमध्ये बारा आणि बिग ट्वेल्व्हमध्ये दहा होते, पण निदान पाट्या तरी बदलून घ्याव्यात असं कुणाच्या मनात आलं नाही. 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात पॅसिफिकच्या बाजूची स्टॅनफर्ड आणि बर्कली दाखल झाली. डॅलसची एसएमयू तर नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मागणार नाही, या बोलीवर त्याच घरात नांदायला गेली. या बहुतेक ठिकाणी गणिताचे नावाजलेले विभाग आहेत, ही गोष्ट शनिवारकर आवर्जून सांगतो.

या फाटाफुटीची तारीख मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपी आहे. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुंबईत मुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते आणि त्याच दिवशी लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए 'पॅक-ट्वेल्व्ह' सोडून बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर झालं. पुढच्या जुलैत अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, आणि त्याच महिन्यात कोलोरॅडोनं पॅक-ट्वेल्व्ह सोडली. ४ ऑगस्टला, एका शुक्रवारी, आणखी पाच जण उठले. शेवटी शंभरी ओलांडलेल्या त्या कॉन्फरन्समध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघंच उरले. मूळ पक्ष कोणाचा आणि तिजोरीची किल्ली कोणाकडे, हा वाद कोर्टात गेला. माझ्याकडे ह्यूस्टनला आलेल्या एका पाहुण्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि फक्त चिन्ह कोणाला मिळालं तेवढं विचारलं.

शनिवारकर या विषयात वकिलालाही ऐकत नाही. १९८४ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याला पाठ असतो. त्याआधी किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला, सात विरुद्ध दोन अशा मतांनी जिंकला, आणि टीव्हीच्या पैशाची दारं सताड उघडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे त्या न्यायपीठावरचे एकटेच नामांकित फुटबॉलपटू, कोलोरॅडोकडून खेळलेले. "ज्याला खेळ कळत होता तोच नको म्हणत होता," असं म्हणून शनिवारकर टेबलावर मूठ आपटतो. २०२२ मध्ये बिग टेननं तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, तो सात अब्ज डॉलरच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. आता लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली मंगळवारची परीक्षा डोक्यात घेऊन बिग टेनच्या सामन्यासाठी न्यू जर्सीला जातात, जवळजवळ चार हजार किलोमीटर. त्या मुलींसाठी शनिवारकराचा जीव तुटतो. व्हॉलीबॉलचा सामना त्यानं जन्मात पाहिलेला नाही, पण जीव तुटतो.

मात्र त्याच्या व्याकरणात एक गोम आहे. दुसरा गेला की ती गद्दारी, आपण गेलो की ती दूरदृष्टी. आमच्या गल्लीत समोरच्या घरी टेक्सस ए अँड एमचा एक शनिवारकर राहतो आणि त्याचा मेहुणा ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाचा. २०१२ मध्ये ए अँड एम बिग ट्वेल्व्ह सोडून 'एसईसी' या कॉन्फरन्समध्ये गेलं, ते टेक्ससच्या दादागिरीला कंटाळून. १८९४ पासूनची लढत बंद पडली. दोन्ही घरांत थँक्सगिव्हिंगला भांडायला विषय राहिला नाही, बायका सुखावल्या. मग २०२४ मध्ये टेक्ससही ओक्लाहोमाला घेऊन एसईसीत येऊन बसलं.

"ज्याच्यापायी घर सोडलं तोच शेजारी राहायला आला," समोरचा म्हणाला.

"तुझ्याशिवाय करमेना," मेहुणा म्हणाला. त्या नोव्हेंबरात टेक्ससनं त्यांना त्यांच्याच मैदानावर १७-७ असं हरवलं, त्यामुळे मेहुण्याला अजूनही करमतंय.

एवढा कायदा, भूगोल आणि अर्थशास्त्र कोळून प्यालेला हा माणूस कशानं विरघळतो? जनावरानं. विद्यापीठाचा शुभंकर जिवंत असेल तर शनिवारकराची भाषा मऊ होते. टेक्ससकडे बीव्हो नावाचा भल्यामोठ्या शिंगांचा बैल आहे. पहिला बीव्हो १९१६ चा. दुसऱ्याच वर्षी ए अँड एमच्या टवाळांनी त्याच्यावर १९१५ च्या आपल्या विजयाचा आकडा डागला: १३-०. १९२० मध्ये खर्च परवडेना म्हणून विद्यापीठानं बीव्होला भाजून मेजवानी दिली. ए अँड एमच्या मंडळींनाही बोलावणं होतं; ज्या अंगावर आकडा डागला होता त्या बाजूचं मांस त्यांच्या पानात पडलं आणि वर कातडंही भेट मिळालं. आतिथ्य म्हणतात ते हे.

ए अँड एमकडे रेव्हली नावाची कॉली जातीची कुत्री. कॅडेट कोअरमध्ये तिचा हुद्दा सर्वांत वरचा. कॅडेट तिला 'मिस रेव्ह, मॅम' म्हणतात. ती कॅडेटच्या पलंगावर झोपली तर त्यानं जमिनीवर झोपायचं आणि ती वर्गात भुंकली तर तास सुटला, अशी रीत आहे. तिथं एम.एस.ला आलेला साताऱ्याकडचा एक मुलगा मला भेटला. पहिल्या महिन्यात 'कुत्रीला काय सलाम ठोकायचा' म्हणणारा हा पोरगा दुसऱ्या वर्षी सामनाभर उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडत होता. घरून फोन आला की आई अभ्यासाच्या आधी रेव्हलीची तब्येत विचारते. पूर्वीच्या रेव्हली स्टेडियमच्या उत्तर टोकाला पुरल्या आहेत, त्यांना गुणफलक दिसावा अशा बेतानं. पुढे बांधकाम वाढलं आणि फलक झाकला गेला, तेव्हा त्या दिवंगत कुत्र्यांसाठी बाहेर एक छोटा फलक लावण्यात आला. समोरचा शेजारी हे सांगताना चष्मा पुसतो. मेहुणा म्हणतो, "गेल्यावर तरी हरलेलं बघायला लावू नका बिचाऱ्यांना."

प्राण्यांवरच्या प्रेमातही तेच व्याकरण. आपला बैल म्हणजे परंपरा, दुसऱ्याचा वाघ म्हणजे क्रौर्य. जॉर्जियाच्या उगा नावाच्या बुलडॉगला मैदानाच्या कडेला वातानुकूलित घर आहे आणि बसायला बर्फाच्या पिशव्या, यावर टेक्ससवाले हसतात. १ जानेवारी २०१९ ला शुगर बाउल या सामन्याच्या आधी बीव्होनं कठडा पाडून उगाकडे मुसंडी मारली. जॉर्जियावाले म्हणाले, हा बैल मोकाट आहे. टेक्ससवाले म्हणाले, त्याला नमस्कार करायचा होता. लुइझियानाच्या एलएसयूकडे १९३६ पासून माइक नावाचा खराखुरा वाघ असतो. तो आता मैदानावर येत नाही, १५ हजार चौरस फुटांच्या आवारात पहुडलेला असतो. २०२४ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांना अलाबामाच्या सामन्यात वाघ हवाच होता. विद्यापीठानं आपला दिला नाही, तेव्हा फ्लोरिडाहून दुसरा पिंजऱ्यात घालून आणला. अलाबामानं सामना ४२-१३ असा जिंकला. वाघ आणणं चूक की बरोबर, यावर महिनाभर रणं माजली. का हरलो, याची चौकशी त्या गडबडीत राहून गेली.

बैलावर, कुत्र्यावर एवढा जीव कशाला, असं मी एकदा समोरच्याला विचारलं. तो शेगडीवरची ब्रिस्केट उलटवत म्हणाला, "प्रशिक्षक जास्त पगारावर जातो. खेळाडू आता दरवर्षी कॉलेज बदलतात. कॉन्फरन्स कुठली ते मला कागद बघून सांगावं लागतं. कुत्री तेवढी इथंच आहे. तिला कोणी पैसे देऊ केले नाहीत." मेहुण्यानं मान डोलावली. बीव्होलाही अजून कुणाची ऑफर नव्हती.

मग कोलोरॅडोच्या राल्फीचा विषय निघाला. ही गव्याच्या जातीची, बायसन. सामन्याआधी पाच हाताळणारे दोर धरून तिच्याबरोबर मैदानात धावतात, खरं म्हणजे फरपटतात. राल्फी सहावी २०२१ मध्ये आली. तिच्या डोळ्यांदेखत विद्यापीठ पॅक-ट्वेल्व्हमधून बिग ट्वेल्व्हमध्ये गेलं. २०२५ मध्ये तिला निवृत्त केलं, आणि विद्यापीठानं कारणही स्वच्छ सांगितलं: तिला पळण्यात रस नाही.

"एवढे लोक इकडून तिकडे गेले," समोरचा म्हणाला, "प्रत्येकजण खेळाडूंच्या भल्यासाठी. खरं कारण सांगून बाहेर पडलेली ही एकटीच."

"हिलाच कॉन्फरन्सची कमिशनर करा," मेहुणा म्हणाला.

कितीतरी वर्षांत प्रथमच दोघांचं एकमत झालं. ते काही दोघांना सोसवेना. मिनिटभर चुळबुळ करून समोरच्यानं विषय १३-० वर आणला, मेहुण्यानं १९२० च्या जेवणावर नेला, आणि ब्रिस्केट करपली.