आडवाटेची दुचाकी, हमरस्त्याचा ग्राहक

1968 साली यामाहाने अमेरिकेत डीटी-1 ही अडीचशे सीसीची मोटारसायकल आणली, तेव्हा हलकेपणा हा तिचा मोठा गुण ठरला. कारण दगडगोट्यांत आडवी झालेली गाडी ज्याला एकट्याने उभी करता येत नाही, त्याच्या लेखी तिच्या इतर गुणांना अर्थ उरत नाही. भारतीय ग्राहकाने या विचारात मोलाची भर घातली आहे. 2019 मध्ये आलेल्या हीरो एक्सपल्स 200 ला 21 इंची पुढचे चाक आणि 220 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या सर्वांत खालच्या भागाचे जमिनीपासूनचे अंतर, लाभला. तो पाहून हरखलेला ग्राहक गाडी घरी नेताच तिच्यावर लोखंडी क्रॅशगार्ड, तीन पेट्या आणि जादा दिवे चढवतो, आणि हलकेपणासाठी मोजलेले पैसे वजन वाढवण्यासाठी पुन्हा मोजतो. सस्पेन्शन ट्रॅव्हल, म्हणजे खाचखळग्यांत चाकाला वरखाली होण्यास मिळणारी मोकळीक, किती आहे हे त्याला तोंडपाठ असते. साखळीला तेल कधी द्यायचे, हे नसते. सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो काय, एअर फिल्टर साध्या अवजारांनी काढता येतो काय, हे विश्वासार्हतेचे खरे निकष माहितीपत्रकात ठळक छापले जात नाहीत, म्हणून विचारातही घेतले जात नाहीत. अर्थात महापालिकांनी शहरातल्या खड्ड्यांची जी जोपासना चालवली आहे, तिच्यामुळे हा पैसा अगदीच वाया जातो असे म्हणता येणार नाही. ज्याला खरोखर घाटाखालच्या दगडी वाटेने जायचे आहे, त्याने दुकानदाराकडे गाडी आडवी करून एकदा स्वतः उचलून पाहण्याची परवानगी मागावी.